मोकळं रान : प्रस्तावना

१९६८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत अंधार पडला की वस्त्या चिडीचूप होत. झोपडपट्ट्यांतले पुरुष काठ्या घेऊन पाळीपाळीने पहारा देत. कितीही उकडत असलं तरी दाराबाहेर पथारी टाकायला कोणी धजेना. रात्री येणारा तो माणूस मांजर होतो, पोपट होतो, असं लोक छातीठोकपणे सांगत. झोपलेल्या माणसांची डोकी कोणीतरी जड, बोथट हत्याराने ठेचत होतं, आणि मरणारे बहुतेक पदपथावर नाहीतर कच्च्या झोपडीत राहणारे होते. २७ ऑगस्टला उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी फोटोवरून ओळखून एका इसमाला अडवलं. त्याच्याजवळ कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहाची भुकटी असा किडुकमिडुक ऐवज निघाला. तो रामन राघव.

पुढची गोष्ट मुंबईत अजून सांगितली जाते. पोलिसांच्या प्रश्नांना दाद न देणाऱ्या या माणसाने कोंबडीचं जेवण मागितलं, ते पोटभर खाल्लं, आणि मग ४१ खून केल्याचं सांगितलं. आधीच्या भागाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या रुळांलगतच्या पूर्व उपनगरांत अगदी असेच हल्ले झाले होते. १९ माणसं घायाळ झाली, त्यांतली नऊ दगावली. तेव्हाही रामन राघव पोलिसांच्या हाती लागला होता. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगल्याची त्याची जुनी नोंदही सापडली होती. पण पुरावा नव्हता, म्हणून त्याला सोडून देण्यात आलं. दोन वर्षांनी तो पुन्हा शहरात आला आणि पुन्हा रस्त्यावर झोपणाऱ्यांवर उठला.

या विषयावरचं कुठलंही पुस्तक उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माणूस असं का करतो? त्या प्रश्नाला मी टाळलेलं नाही. पुस्तकाचा बराच भाग त्याच्यावर खर्ची पडला आहे. पण निरनिराळ्या शतकांतली प्रकरणं शेजारीशेजारी ठेवून वाचताना दुसरा प्रश्न माझ्या मानेवर बसला आणि शेवटपर्यंत उतरला नाही. हा माणूस इतकी वर्षं सुटा कसा राहिला? एका खुनाने कोणी सिरीयल किलर होत नाही. पहिल्या खुनानंतर तो मोकळा राहिला, दुसऱ्यानंतरही राहिला, तरच पुढचं घडतं. ते मोकळं रान त्याला कोण देतं, हे शोधण्यासाठी मी हे पुस्तक लिहिलं आहे.

व्याख्येच्या वादात फार वेळ घालवायला नको. बर्लिनचे पोलीस अधिकारी एर्न्स्ट गेनाट यांनी १९३० मध्ये ड्युसेलडॉर्फच्या खुनांबद्दल लिहिताना 'मालिकेने खून करणारा' या अर्थाचा जर्मन शब्द वापरला. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून सिरीयल किलर हा शब्द रुळला. पूर्वी तीन खुनांची अट धरत. एफबीआयने २००५ च्या परिषदेनंतर ती दोनवर आणली. खून वेगवेगळ्या वेळी झालेले हवेत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

शब्द नवा असला तरी माणूस जुना आहे. मात्र जुन्या काळाबद्दल लिहिताना फार जपून पावलं टाकावी लागतात, कारण तिथे दंतकथांचा चिखल झालेला आहे. हंगेरीची उमराव स्त्री एर्झेबेत बाथोरी कुमारिकांच्या रक्ताने न्हात असे, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. तिला १६१० मध्ये अटक झाली, १६१४ मध्ये ती कोंडलेल्या अवस्थेत मेली. आणि रक्तस्नानाची कथा पहिल्यांदा छापली गेली १७२९ मध्ये, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. तिच्या नोकरांवर खटला चालला, त्यांना देहदंड झाला, तिच्यावर मात्र कधीच चालला नाही. तिची मालमत्ता आणि राजकारण यांमुळे हे सगळं कुभांड रचलं गेलं, असं मानणारेही इतिहासकार आहेत. कागदपत्रांवर भरवसा ठेवायचा झाला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. मोलकरणी मरत होत्या तोवर कुजबुज चालू होती. दरबारात हालचाल झाली ती लहानसहान सरदार घराण्यांतल्या मुलीही दगावू लागल्यावर.

आपल्याकडच्या ठगांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याने १८३० च्या दशकात ठगांच्या बंदोबस्ताचं जे काम केलं ते माफीच्या साक्षीदारांच्या जोरावर. जीव वाचवायचा असलेला माणूस साहेबाला हवं तेवढं सांगतो, आणि शिवाय त्यात बढाई मिसळतो. बेहराम ठगाच्या नावावर ९३१ खून लावले जातात आणि जगातला सर्वांत मोठा खुनी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याची जबानी पाहिली तर स्वतःच्या हाताने सुमारे सव्वाशे माणसं मारल्याचं तो सांगतो. बाकीचा आकडा तो ज्या टोळ्यांबरोबर हिंडला त्यांचा. सव्वाशे हाही अंगावर काटा आणणारा आकडा आहे, त्याला फुगवण्याची गरज नव्हती. ठग देवीच्या कौलाने चालत, याची वर्णनं इंग्रजांनी फार चवीने लिहिली. मला त्यांच्या धंद्याची साधी व्यवस्था जास्त सांगण्यासारखी वाटते. ते आपल्या गावात मारत नसत. घरापासून शेकडो मैल दूर असलेला वाटसरू गाठत. तो परतला नाही हे घरच्यांना कळायला महिने लागत, आणि कळलं तरी कुठल्या संस्थानच्या कुठल्या ठाणेदाराकडे दाद मागायची हे कळत नसे.

पुढे रेल्वे आली, शहरं फुगली, आणि घरापासून तुटलेली माणसं शहराच्या मध्यभागीच मुबलक मिळू लागली. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये १८८८ साली ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात मारल्या गेलेल्या पाच बायकांबद्दल गेली सव्वाशेहून जास्त वर्षं एकच वाक्य लिहिलं गेलं: जॅक द रिपरने वेश्यांना मारलं. हॅली रूबेनहोल्ड या इतिहासकार स्त्रीने २०१९ च्या आपल्या पुस्तकात त्या पाचजणींची आयुष्यं कागदोपत्री शोधून काढली, आणि त्यांतल्या तिघी वेश्या होत्या याला पुरावाच नाही, असं तिने मांडलं. मेरी अ‍ॅन निकोल्सजवळ त्या रात्री निवाऱ्यातल्या खाटेसाठी लागणारे चार पेन्स नव्हते, म्हणून ती रस्त्यावर होती. कॅथरिन एडोजला दारूच्या नशेत पडल्याबद्दल पोलिसांनी उचलून चौकीत ठेवलं होतं. रात्री एकच्या सुमारास तिला सोडलं. पाऊण तासाने मायटर स्क्वेअरमध्ये तिचं प्रेत सापडलं. रिपर कोण होता यावर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. रात्री एक वाजता एका एकट्या बाईला बाहेर सोडणाऱ्या शहराबद्दल त्या मानाने फारच थोडं लिहिलं गेलं.

आता मनाकडे वळतो. ड्युसेलडॉर्फचे ते खून करणारा पेटर क्युर्टेन पकडला गेला तेव्हा शेजाऱ्यांचा विश्वास बसेना. टापटीप कपडे घालणारा, अदबीने बोलणारा माणूस. त्याने स्वतःच बायकोला सगळं सांगून टाकलं होतं, तिला बक्षिसाचे पैसे मिळावेत म्हणून. १९३१ मध्ये देहदंड होण्यापूर्वी डॉ. कार्ल बेर्ग यांनी त्याच्याशी दीर्घकाळ बोलून जे लिहून ठेवलं, ते अशा माणसाचं मन आतून पाहण्याच्या पहिल्या गंभीर प्रयत्नांपैकी एक. दहा वर्षांनी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेकली यांचं शहाणपणाच्या मुखवट्यावरचं पुस्तक आलं. त्यातली माणसं बहुतेक खुनी नव्हती. गोडबोली, थापाडी, पश्चात्ताप ठाऊक नसलेली होती. पुढे रॉबर्ट हेअर यांनी अशा लक्षणांची मोजपट्टी तयार केली, आणि सायकोपॅथ हा शब्द न्यायालयापर्यंत पोचला. सायकोपॅथ म्हणजे खुनी, हे समीकरण मात्र चूक आहे. ही लक्षणं असलेली पुष्कळ माणसं कोणाच्या अंगाला बोट न लावता आयुष्य काढतात.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला एफबीआयच्या रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस यांनी तुरुंगांत जाऊन मुलाखती घेतल्या. परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापक अ‍ॅन बर्जेस यांनी त्या कामाला अभ्यासाची शिस्त लावली. एकंदर ३६ गुन्हेगार. त्यावर उभी राहिलेली 'नियोजनबद्ध' आणि 'विस्कळीत' खुनी ही विभागणी आज जगभरच्या वेब सिरीज वापरतात. डेव्हिड कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शंभर खुनांची माहिती घेऊन ती तपासली तेव्हा अशी दोन स्वच्छ टोपली काही मिळाली नाहीत. लहानपणी अंथरूण ओलं करणं, आगी लावणं, मुक्या जनावरांना छळणं या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढचा खुनी ओळखावा, हेही असंच पसरलेलं मत. त्याचं मूळ जॉन मॅक्डोनल्ड यांच्या १९६३ च्या एका लेखात आहे, आणि तो लेख होता खुनाची धमकी देणाऱ्या शंभर रुग्णांबद्दल, प्रत्यक्ष खून करणाऱ्यांबद्दल नव्हे. नंतरच्या अभ्यासांत हे त्रिकूट भाकितासाठी टिकलं नाही. रात्री गादी ओली करणाऱ्या कुठल्या लेकराकडे या माहितीमुळे कोणी वेगळ्या नजरेने पाहिलं असेल, तर ते फार वाईट झालं.

मग हाती काय उरतं? या माणसांपैकी बऱ्याच जणांच्या बालपणी मारहाण, हेळसांड, लैंगिक अत्याचार सापडतात. काहींच्या मेंदूला इजा झालेली असते. क्रूर कल्पनांमध्ये वर्षानुवर्षं रमणं आणि त्यांत लैंगिक सुख गुंतून जाणं, हा धागा अनेकांत दिसतो. दुसऱ्याच्या जिवावर संपूर्ण ताबा मिळाल्याची धुंदी त्यांच्याच बोलण्यातून कळते. पण असंच बालपण भोगलेली लाखो माणसं निमूटपणे संसार करतात, आणि यांतलं कुठलंच कारण एकट्याने पुरं पडत नाही. शिवाय या माणसांच्या तोंडचं किती खरं धरायचं? टेक्सासचा हेन्री ली लुकस १९८३ मध्ये पकडला गेला आणि शेकड्यांनी खून कबूल करत सुटला. त्याला तपासासाठी गावोगाव नेत, स्ट्रॉबेरी मिल्कशेक देत, आणि पोलिसांची जुनी प्रकरणं भराभर निकालात निघत. डॅलसच्या पत्रकारांनी तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा कबुल्यांचा डोलारा कोसळला. त्यातल्या प्रत्येक खोट्या कबुलीमागे एक खरा खुनी मोकळा राहिला होता. रामन राघवच्या ४१ या आकड्याकडेही मी त्याच सावधगिरीने पाहतो.

रामन राघवच्या मनाबद्दल आपल्याजवळ जे आहे ते मात्र मोलाचं आहे. खटल्यात बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं. सरकारी बाजूच्या डॉक्टरांना तो शहाणा वाटला होता. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. त्याने अपील करायला नकार दिला. फाशी कायम करण्याआधी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. त्यांनी त्याच्याशी पाच बैठकांत बोलून घेतलं. त्याच्या लेखी जगं दोन होती. एक हे पापी जग, आणि दुसरं कानूनचं, ज्याचा तो स्वतः प्रतिनिधी. आपल्याला बाई करून टाकण्याचा कट चालला आहे अशी त्याची पक्की खात्री होती, आणि आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत हे तो पुन्हापुन्हा बजावत होता. शेवटच्या बैठकीनंतर डॉक्टरांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. आपण कानूनचे, या जगातल्या माणसाला शिवणार नाही, असं म्हणून त्याने तो घेतला नाही. त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मेला.

असा खुनी क्वचित आढळतो, हे इथे सांगायलाच हवं. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं कोणालाही इजा करत नाहीत; उलट त्यांनाच मार खावा लागतो. दगड त्यांच्याच अंगावर पडतात, हे आपल्या कुठल्याही गावच्या एसटी स्टँडवर पाहता येतं.

पोलिसी तपासाच्या प्रकरणांत मी सर्वांत जास्त रेंगाळलो आहे ते इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये. पीटर सटक्लिफ या ट्रकचालकाने १९७५ ते १९८० या काळात १३ बायका मारल्या. तो काही अदृश्य नव्हता. पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. एका मृत स्त्रीच्या पर्समध्ये सापडलेली पाच पौंडांची कोरी नोट ज्या कंपन्यांच्या पगारात गेली असू शकत होती, त्यांपैकी एकीत तो नोकरीला होता. हे सगळं लीड्सच्या मिलगार्थ पोलीस ठाण्यात कार्डांवर लिहिलेलं होतं. कार्डं इतकी साठली की जमीन त्यांचा भार पेलेल की नाही अशी चिंता पडली. पण नवं कार्ड लिहिताना जुनं हाताशी येईना. त्यातच १९७९ मध्ये एक ध्वनिफीत आली. 'मी जॅक' असं म्हणणारा तो आवाज ईशान्य इंग्लंडच्या वळणाचा होता. वरिष्ठांनी तो खरा मानला आणि त्या वळणाने न बोलणारी माणसं संशयितांतून वगळली. सटक्लिफ ब्रॅडफर्डकडचा, तो वगळला गेला. फीत पाठवणारा भलताच इसम होता आणि तो पुढे २००५ मध्ये डीएनएवरून सापडला.

सटक्लिफ कसा सापडला? २ जानेवारी १९८१ च्या रात्री शेफिल्डमध्ये गस्तीवरच्या दोघा पोलिसांना एका गाडीची नंबरप्लेट खोटी आढळली. आतल्या माणसाने लघवीला जायचं म्हणून सांगितलं आणि तो तेलाच्या टाकीमागे गेला. दुसऱ्या दिवशी सटक्लिफची चौकशी चालू असल्याचं कळल्यावर त्या दोघांपैकी सार्जंट रिंग यांना ते आठवलं. ते परत त्या जागी गेले. टाकीमागे हातोडा आणि सुरी पडलेली होती. पाच वर्षांत हजारो कार्डांना जे जमलं नाही, ते नेहमीची गस्त आणि एका सार्जंटची आठवण यांनी केलं. त्या नामुष्कीतून पुढे ब्रिटिश पोलिसांची संगणक प्रणाली आली, आणि तिचं नाव होम्स ठेवलं गेलं.

त्या तपासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. १९७७ मध्ये सोळा वर्षांची एक दुकानातली मुलगी मारली गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिला पहिली 'निष्पाप' बळी म्हटलं. म्हणजे आधीच्या चारजणी काय होत्या? पोलीसही तीच भाषा बोलत. त्या भाषेबद्दल वेस्ट यॉर्कशर पोलिसांनी २०२० मध्ये, सटक्लिफ मेल्यावर, माफी मागितली.

सोव्हिएत रशियात आंद्रेई चिकातिलोने १९७८ पासून बारा वर्षं मुलं आणि बायका मारल्या. पहिल्या खुनासाठी अलेक्सांदर क्रावचेन्को या दुसऱ्याच माणसाला १९८३ मध्ये मृत्युदंड दिला गेला. चिकातिलो १९८४ मध्ये पकडलाही गेला होता, पण रक्तगट जुळत नाही म्हणून सुटला. समाजवादी देशात असले गुन्हे होत नाहीत या हट्टापायी वृत्तपत्रं गप्प राहिली, आणि स्टेशनवर मुलांना एकटं सोडू नका, हे आईबापांना कोणी सांगितलं नाही. इंग्लंडच्या डॉ. हॅरल्ड शिपमनला तर कोणापासून लपायचीही गरज पडली नाही. त्याचे रुग्ण बहुतेक म्हाताऱ्या बायका. त्या गेल्या की वय झालं होतं, असं म्हणून घरचे त्याचेच आभार मानत. चौकशी आयोगाने २१५ बळी निश्चित केले. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनल्ड्स यांना दहनाच्या अर्जांची संख्या खटकली, त्यांनी १९९८ च्या मार्चमध्ये कळवलं. पोलिसांनी वरवर पाहून प्रकरण मिटवलं. त्यानंतर आणखी तिघी गेल्या.

महाराष्ट्राच्या वाचकाला या पुस्तकात जोशी-अभ्यंकर खून शोधावेसे वाटतील, ते आहेत. १९७६-७७ मधल्या त्या दहा खुनांमुळे पुणं संध्याकाळी सातच्या आत घरात बसू लागलं, आणि जक्कल, सुतार, जगताप, शहा या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यावर इतकं लिहिलं-बोललं गेलं आहे की मी ते प्रकरण आटोपशीर ठेवलं. एका तपशिलावर मात्र थांबलो. पहिला बळी ठरलेल्या मुलाकडून त्यांनी, आपण घर सोडून जात आहोत, अशी चिठ्ठी लिहवून घेतली होती. हरवलेला तरुण पळून गेला असेल ही समजूत त्यांच्या उपयोगी पडली.

हीच समजूत गोव्यात किती उपयोगी पडली ते २००९ मध्ये उघड झालं. शिरोड्याच्या महानंद नाईकवर लग्नाचं आमिष दाखवून सोळा तरुणींचे खून केल्याचे आरोप ठेवले गेले. काही खटल्यांत शिक्षा झाली, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. आरोप मागे १९९४ पर्यंत जात होते. मुली गरीब घरच्या, लग्न लांबलेल्या. त्या दागिने घालून घराबाहेर पडल्या आणि परतल्या नाहीत, तेव्हा कोणाबरोबर तरी गेली असेल, असं म्हणून गावाने विषय मिटवला. कित्येक घरांनी अब्रूच्या भीतीने पाठपुरावा केला नाही.

कोल्हापूरच्या गावित मायलेकींच्या, म्हणजे अंजनाबाई आणि तिच्या दोन मुलींच्या, प्रकरणात मुलं उचलली जात ती देवळांच्या आवारातून, बसस्टँडवरून, जत्रांतून. पाकीटमारी करताना पकडलं गेलं की कडेवरचं मूल पुढे करायचं. ते जड झालं की मारून टाकायचं. १९९० पासून हे चाललं होतं. उलगडा झाला तो १९९६ मध्ये, जेव्हा अंजनाबाईच्या आधीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोने, स्वतःची मुलगी नाहीशी झाल्यावर, पोलिसांपुढे थेट या तिघींवर बोट ठेवलं. भीक मागणाऱ्या बाईचं मूल नाहीसं झालं तेव्हा असं बोट ठेवायला आणि ऐकून घ्यायला कोणी नव्हतं. अंजनाबाई खटल्याआधीच वारली. दोघी मुलींची फाशी २०२२ मध्ये, दयेच्या अर्जाला झालेल्या अतोनात विलंबामुळे, मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली.

निठारीबद्दल लिहिताना मी प्रकरण दोनदा मोडून पुन्हा रचलं. २००६ च्या डिसेंबरात नोएडातल्या निठारी गावच्या एका नाल्यातून मुलांची हाडं निघाली, त्याआधी कित्येक महिने मोलमजुरी करणारे आईबाप आपली मुलं हरवल्याची तक्रार घेऊन चौकीत जात होते आणि हाकलले जात होते. पुढे फाशीच्या शिक्षा झाल्या. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढून आपल्यापुढच्या खटल्यांत दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे त्या मुलांना कोणी मारलं, हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. म्हणून त्या प्रकरणात खुन्याच्या मनाचं एकही वाक्य नाही. तक्रारी आणि त्यांच्या तारखा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी, बेपत्ता मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणूनच नोंदवावी, असा आदेश दिला. त्यामागे अशा चौक्यांच्या दारातून परत गेलेल्या आईबापांची रांग होती.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. प्रत्येक प्रकरण मारल्या गेलेल्या माणसांपासून सुरू होतं: वय, काम, त्या दिवशी ते कुठे निघाले होते. रामन राघवच्या प्रकरणात हे पुरतं साधलं नाही. पदपथावर झोपणाऱ्या कित्येकांबद्दल कागदावर काहीच नाही, तिथे मी जागा मोकळी ठेवली आहे. खुनांचे आकडे न्यायालयात किंवा चौकशीत सिद्ध झालेले तेवढेच धरले. नुसत्या कबुलीतले आकडे तसं स्पष्ट म्हणून दिले. जखमांची वर्णनं निकालाचा मुद्दा कळण्यापुरती आहेत. खुन्यांची छायाचित्रं घातलेली नाहीत. पहिलं प्रकरण ठगांच्या वाटांपासून सुरू होतं, कारण घरी न पोचलेल्या माणसाची चौकशी कोणी करायची, हा प्रश्न आपल्या देशात सरकारने पहिल्यांदा गंभीरपणे घेतला तो तिथे.